अँकर गेल्यावर आपण नेमकं भांडतो कशावर?

एप्रिलची ३० तारीख आली की आमच्या जळगावच्या ग्रुपांवर तेच जुनं भांडण पुन्हा उकरून निघतं. कोणीतरी 'आज तक'चे अँकर रोहित सरदानांचा हार घातलेला फोटो टाकतं, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, मग थोड्या वेळानं दुसरं कोणी २०२१ चे स्क्रीनशॉट आणून आपटतं की बघा हे लोक त्या दिवशी कसे हसत होते, त्यावर समोरून येतं की पत्रकार गौरी लंकेश गेल्या तेव्हा तुमचे लोक काय रडत बसले होते का, आणि सगळ्यांचं तोंडसुख घेऊन झालं की एखादे नाना मधे पडतात, 'मरी गया त्याले काय बोलानं भो'. मग सगळे हात जोडलेल्या इमोज्या टाकतात आणि विषय संपतो. संपतो म्हणजे पुढच्या एप्रिलपर्यंत झाकून ठेवला जातो. गंमत म्हणजे भांडणारे दोन्हीकडचे लोक चांगले वाचणारे आहेत, तरी दरवर्षी तीच वाक्यं, तेच स्क्रीनशॉट.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे गैरसमज नको. टीव्हीवरचा पत्रकार अचानक गेला की दोन वेगवेगळे प्रश्न समोर येतात. त्यानं केलेलं काम कसं होतं हा एक, आणि तो गेला कशानं, ते टळलं असतं का, हा दुसरा. पहिल्यावर अगदी त्याच दिवशी बोलायलाही माझी हरकत नाही, दुसऱ्यावर तर बोललंच पाहिजे. पण एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी चिकटवायचं, म्हणजे काम वाईट होतं म्हणून गेला ते बरं झालं, किंवा उलट, गेला ना बिचारा मग काम चांगलंच होतं, हा घोळ ह्या भांडणाच्या मुळाशी आहे. आणि तो हसणारेही करतात, हात जोडणारेही करतात.

थोडं आठवून बघा ते दिवस कसे होते. सरदाना गेले ३० एप्रिल २०२१ ला, वय ४१, कोरोना झाला होता आणि त्यात हार्ट अटॅक. 'आज तक'वर रोज संध्याकाळी दिसणारा माणूस, लाखो घरांत मान असलेला, आणि तितक्याच घरांत ज्याचं नाव काढलं की चॅनेल बदललं जायचं असा. दुसऱ्या लाटेचा तो सगळ्यात वाईट काळ होता. इकडे आमच्याकडे नेरी नाक्याच्या स्मशानभूमीकडे गाड्यांमागून गाड्या जात होत्या, रेमडेसिविरसाठी लोक धुळे, नाशिक, कुठे कुठे फोन लावत होते, ऑक्सिजन बेड कुठे आहे हे विचारणारे मेसेज रात्री २ वाजता यायचे. त्या गर्दीत एका नॅशनल चॅनेलचा अँकर गेला. मोठ्या चॅनेलचा, दिल्लीजवळ राहणारा, ओळखीपाळखी असलेला माणूस वाचू शकला नाही, ह्यातून खरं तर सगळ्यांनाच धडकी भरायला हवी होती, की मग आपलं काय. ते सोडून आपण त्याच्या शोच्या क्लिपा काढून भांडत बसलो.

आता समोरच्यांचं सगळ्यात भक्कम म्हणणं घेतो. ते म्हणतात, ह्या चॅनेलांनी रोज रात्री आमच्याविरुद्ध विष कालवलं, आमच्या पोरांना कामावरून काढलं गेलं, भाजीवाल्याला नाव विचारून गल्लीतून हाकललं, आणि आता तुम्ही आम्हालाच सांगता की डोळे पुसा? ह्यात तथ्य आहे, आणि ते मी हातचं राखून नाही मान्य करत, पूर्ण करतो. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये तबलिगी जमात ह्या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेच्या नावानं, हेच कोरोना पसरवतात म्हणून, कित्येक चॅनेलांनी जे चालवलं होतं ते आठवत असेल. त्याबद्दल २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं, म्हणजे आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारचे खटले जिथे जातात त्याच खंडपीठानं, परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना स्पष्ट सांगितलं की छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून ह्या लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाला, आणि ह्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता दिसते. हे कोणा ग्रुपवरच्या पुढाऱ्याचं मत नाही, कोर्टाचं आहे. ज्याच्या घरानं ते सहा महिने भोगले त्याला कोणत्याही अँकरसाठी हळहळ वाटलीच पाहिजे असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? नाही वाटत, तर नाही वाटत. दुःखाची सक्ती नाही करता येत.

पण हळहळ न वाटणं वेगळं आणि 'कर्माचं फळ मिळालं' म्हणणं वेगळं. दुसऱ्या वाक्यात तुम्ही एका विषाणूला न्यायाधीश करून टाकता. आणि एकदा केलं की मग तो न्यायाधीश सगळ्यांचाच झाला पाहिजे, फक्त तुमच्या नावडत्या माणसाचा कसा राहील? पुण्याचे पांडुरंग रायकर आठवतात? टीव्ही९ मराठीचे रिपोर्टर, वय ४२, कोरोनाच्या बातम्या करत होते, २ सप्टेंबर २०२० ला पुण्यात नव्यानं उघडलेल्या जम्बो कोविड सेंटरमध्ये गेले, दुसऱ्या हॉस्पिटलला हलवायचं तर व्हेंटिलेटरवाली कार्डियाक अॅम्ब्युलन्स वेळेवर मिळाली नाही. ते कोणत्या कर्माचं फळ? त्याच वर्षी जूनमध्ये जळगावच्या सिव्हिलमध्ये कोविड वॉर्डातून एक म्हातारी आजी बेपत्ता झाली आणि कित्येक दिवसांनी तिथल्याच शौचालयात तिचा मृतदेह सापडला, सगळा महाराष्ट्र हादरला, अधिष्ठात्यांसकट लोक सस्पेंड झाले. तिचं कोणतं पाप होतं? तेव्हा कोणाच्या डोक्यात कर्म आलं नाही, सगळ्यांनी एकच विचारलं की वॉर्डात राउंडला कोण होतं. हा प्रश्न आजीच्या बाबतीत विचारायचा आणि अँकरच्या बाबतीत नाही, असं का? मरणाला शिक्षा म्हटलं की पहिल्यांदा सुटतो तो ज्याच्या हलगर्जीनं मरण आलं तो. मंत्री सुटतो, कंत्राटदार सुटतो, लसीचा घोळ घालणारा सुटतो. ज्यांना सत्ताधाऱ्यांना जाब विचारायचाय म्हणे, तेच लोक हसून त्यांना मोकळं करतात, हे त्यांच्या लक्षात कसं येत नाही देव जाणे.

आता नानांकडे येऊ, कारण नाना जास्त अवघड आहेत. हसणाऱ्याला दोन शब्द सुनावता येतात, नानांना काय म्हणणार? त्यांची बाजू संस्कारांची आहे आणि संस्कार काही खोटे नाहीत. आपल्याकडे मेलं कोणी की वैर असलं तरी माणूस दारावर जातो. सख्ख्या भाऊबंदकीत बांधावरून वीस वर्षं केस चालू असते, तरी चुलता गेला की पुतण्या दारावर जाऊन बसतो, खांदा देतो, गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे सुतक फिटेपर्यंत, घरातल्यांसमोर त्या जमिनीचं नाव काढत नाही. हे खूप शहाणपणाचं आहे. पण नाना एक गोष्ट विसरतात, गंधमुक्ती झाली म्हणून बांधाची केस कोणी मागे घेत नाही! तारीख पडली की पुतण्या परत कोर्टात उभा. दारावर जाणं हे त्या घरातल्या बाईसाठी आणि लेकरांसाठी असतं, मेलेल्याचा दावा खरा होता असं त्यातून कोणी मानत नाही. ग्रुपवर मात्र 'आता काही बोलायचं नाही' ह्याचा अर्थ कायमचं काही बोलायचं नाही असा होतो, आणि तो अर्थ फार लोकांच्या सोयीचा आहे.

किती सोयीचा, ते महाराष्ट्रानं एकदा चांगलं बघितलंय. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, बाळासाहेबांना शिवी नाही काही नाही, फक्त मुंबई बंद का पडावी एवढाच प्रश्न, दुसरीनं ते लाइक केलं. दोघींना अटक. नातलगाचा दवाखाना फोडला ते वेगळं. पुढे आयटी कायद्याचं ६६अ कलम, ज्याखाली नेटवरच्या 'आक्षेपार्ह' मजकुरासाठी अटक करता यायची, ते सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्दच केलं आणि त्या निकालापर्यंत जो प्रवास झाला त्याची सुरुवात ह्या अटकेनं झाली. म्हणजे 'मेलेल्याबद्दल बोलू नये' हे नानांच्या तोंडी संस्कार असतं, जमावाच्या हातात गेलं की दगड होतं. सार्वजनिक माणसाच्या मरणावर प्रश्नच विचारायचा नाही ठरवलं तर मग मरणाच्या आठवड्यात जो इतिहास लिहिला जातो तो फक्त भक्तांचा असणार, आणि तोच पुढे पुस्तकात जाणार.

मग करायचं काय? आपल्याच मराठी पत्रकारितेत ह्याचा एक नमुना आहे, सव्वाशे वर्षांपूर्वीचा. टिळक आणि आगरकर. एकत्र शाळा काढली, एकत्र 'केसरी' काढला, कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ ला एकत्र डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, आणि मग असं फाटलं की एकमेकांवर जे लिहिलंय ते आजच्या ट्विटरवाल्यांनाही झेपायचं नाही. आगरकरांची तर त्यांच्या जिवंतपणी सनातन्यांनी पुण्यात प्रेतयात्रा काढली. १७ जून १८९५ ला दम्यानं आगरकर गेले, अजून ३९ पूर्ण नव्हती. मृत्युलेख लिहायचा कोणी, तर टिळकांनी. आणि त्यांनी तो 'केसरी'त लिहिला, मतभेद झाले नाहीत असं भासवलं नाही, त्यांची मतं आपल्याला पटली असंही म्हटलं नाही, पण माणसाची बुद्धी, त्याचा त्याग, गरिबीत राहून केलेलं काम हे सगळं मोकळ्या मनानं मांडलं. सामाजिक सुधारणांवरचे टिळकांचे विचार त्या लेखानं काही बदलले नाहीत, पुढेही ते तसेच भांडत राहिले. मला हे फार थोर वाटतं, आणि टिळकांचं मला बाकी फार काही पटतं अशातला भाग नाही. ज्यानं प्रेतयात्रा काढली तो आज कोणाला आठवत नाही, मृत्युलेख आठवतो.

लगेच कोणी म्हणेल, ते थोर लोक होते हो, आताच्या अँकरांना काय आगरकरांच्या रांगेत बसवता? नाही बसवत. तोलायची पद्धत सांगतोय, तोललेला माल एकच आहे असं म्हणत नाही. आणि आताच्या काळात हे जमतच नाही असंही नाही. तेव्हा एनडीटीव्हीवर असलेला रवीश कुमार आणि सरदाना ह्यांची पत्रकारिता दोन टोकांची, तरी सरदाना गेल्यावर रवीशनं जाहीर दुःख व्यक्त केलं. त्याच्याच चाहत्यांपैकी काहींना ते झेपलं नाही. का झेपू नये? रवीशनं सरदानांच्या डिबेटबद्दलचं आपलं मत काही त्या दिवशी बदललं नव्हतं.

आता ते 'तुमचे लोक' प्रकरण. ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळुरूत गौरी लंकेश ह्यांना घराच्या दारात गोळ्या घातल्या, आणि त्या रात्री जे काही लिहिलं गेलं ते खरंच किळसवाणं होतं. सरदानांच्या वेळचं त्याच्याशी सरसकट जुळवता येत नाही हे मला मान्य आहे, खुनाला टाळ्या वाजवणं म्हणजे पुढच्या खुन्याला हिंमत देणं, आजारपणावर हसणं म्हणजे नीचपणा, दोन्हींचं वजन एक नाही. पण स्क्रीनशॉट दाखवणारे वजनाचं बोलतच नाहीत, ते म्हणतात 'बघा, हे लोक असेच'. चार हँडलांचं हसू अख्ख्या समाजाच्या नावावर लावायचं, ह्याची किंमत काय होते ते महाराष्ट्राला १९४८ नं दाखवलंय. ३० जानेवारीला गांधींचा खून झाला, काही ठिकाणी पेढे वाटल्याचं लोकांनी लिहून ठेवलंय, वाटणारे थोडेच होते, पण मग पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची जी घरं जळली ती कोणाची? ज्यांनी पेढा हातात घेतला नव्हता, ज्यातले काही तर स्वतः खादीवाले होते, त्यांचीसुद्धा. आपले साने गुरुजी, आमच्या अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिकवलेला माणूस, त्यांनी त्या वेळी काय केलं? कोणाची यादी नाही केली की कोणी पेढे खाल्ले. २१ दिवस उपास केला. तेवढी ताकद आपल्यात नाही हे कबूल, पण यादी करायचा सोस तरी सोडता येईल की नाही?

एक मुद्दा मात्र दोन्ही पार्ट्या सोडून तिसराच मांडतो आणि तो मला थोडा अडचणीत टाकतो. तो म्हणतो, एवढं काय त्या अँकरचं, रोज हजारो मरत होते, त्यांची बातमी नाही आणि ह्याच्यावर दिवसभर स्पेशल शो. चॅनेलं आपल्या माणसाचं दुःख सगळ्या देशाचं करतात. खरंय. हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत १३ जून २००८ ला एनबीसीचा टिम रसर्ट वॉशिंग्टनच्या ऑफिसात काम करता करता कोसळला आणि गेला, वय ५८, रविवारच्या 'मीट द प्रेस'ची तयारी चालली होती. नेत्यांना गोड बोलून त्यांचीच जुनी वाक्यं समोर ठेवणारा माणूस, दोन्ही पक्षांत मान. तिथल्या चॅनेलांनी इतके तास, इतके दिवस तेच चालवलं की तिथेही वाद झाला, पत्रकार आहे की राष्ट्राध्यक्ष? पण त्या गर्दीत एक कामाचं घडलं. दीड-दोन महिन्यांपूर्वीच त्याची स्ट्रेस टेस्ट झाली होती आणि ती ठीक आली होती, त्यामुळे लोक डॉक्टरांना विचारायला लागले की टेस्ट ठीक असून माणूस जातो कसा, आणि हार्टच्या नळीतला साठा अचानक फुटणं अशा टेस्टमध्ये दिसतच नाही हे घराघरात कळलं. चेहरा ओळखीचा होता म्हणूनच लोकांनी ऐकलं. ओळखीच्या माणसाच्या मरणाला जास्त जागा मिळते ह्याचा मला त्रास नाही, त्या जागेत काय भरता ह्याचा आहे.

आणि चेहरा ओळखीचा का होतो तेही समजून घ्या, दुःख करणाऱ्या सगळ्यांना भक्त म्हणू नका. १९९७ च्या जूनमध्ये 'आज तक'चे अँकर एस. पी. सिंह गेले, 'आज तक' तेव्हा दूरदर्शनच्या मेट्रो चॅनेलवर वीस मिनिटांचं बुलेटिन होतं, दिल्लीत उपहार टॉकीजची आग लागून ५९ माणसं गेली त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना ब्रेन हॅमरेज झालं. पन्नाशी गाठली नव्हती. जेवायच्या वेळेला रोज जो माणूस समोर बसून बोलतो तो गेल्यावर घरात चुकल्यासारखं होतंच, त्याचा आणि विचारसरणीचा काही संबंध नाही. एनडीटीव्हीचे कमाल खान १४ जानेवारी २०२२ ला लखनौला हार्ट अटॅकनं गेले, आदल्या रात्री टीव्हीवर यूपीची निवडणूक समजावून सांगत होते. त्यांच्यासाठी योगींपासून अखिलेश, मायावतींपर्यंत सगळ्यांनी शोक केला. पण तिथेही सगळे त्यांच्या भाषेचं कौतुक करून थांबले. साठी ओलांडलेला माणूस निवडणुकीत रात्री किती वाजेपर्यंत लाइव्ह द्यायचा, ह्या लाइनीत किती जणांचं हार्ट असं जातं, हे कोणी विचारलं?

रायकरांच्या वेळी मात्र लोकांनी बरोबर प्रश्न विचारला होता. ते उजवे की डावे हे कोणाला माहीत नव्हतं, माहीत करून घ्यावंसं वाटलंही नाही, सगळ्यांनी अॅम्ब्युलन्स कुठे होती एवढंच धरलं. त्यानं जम्बो सेंटरच्या कारभाराची झाडाझडती झाली, चौकशी लागली. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला ओडिशा, बिहार, मध्य प्रदेश ह्या राज्यांनी पत्रकारांना फ्रंटलाइन वर्कर जाहीर केलं म्हणजे लस आधी, आपल्या महाराष्ट्रात ती मागणी बरेच दिवस मागणीच राहिली. त्या आठवड्यात आमचे ग्रुप कशात दंग होते? सरदानांवर हसलं कोण आणि रडलं कोण. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारमधले किती रिपोर्टर तेव्हा लस न घेता रुग्णालयाच्या दारात बूम, म्हणजे चॅनेलचा माईक, घेऊन उभे होते, त्यांच्यासाठी एक निवेदन कलेक्टर ऑफिसला गेलं असतं तर सरदानांच्या चाहत्यांनाही सही करता आली असती आणि विरोधकांनाही.

कारण आपल्याकडचा टीव्ही पत्रकार म्हणजे सूटबूटवाला अँकर नव्हेच. तो धडगावचा, अक्कलकुव्याचा, पाचोऱ्याचा स्ट्रिंगर आहे. एका मोटारसायकलवर दोन-तीन चॅनेलचे बूम, पेट्रोल स्वतःचं, बातमी लागली तर पैसे, नाही लागली तर नाही, वरून दिवाळीला जाहिरातीचं टार्गेट. सातपुड्यातून व्हिज्युअल आणायचं, रेंज मिळेल त्या टेकडीवरून फीड सोडायचं. अपघात झाला तर चॅनेल म्हणणार हा आमचा कर्मचारी नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पाचोऱ्याला एका पत्रकाराला आधी फोनवर शिवीगाळ झाल्याची क्लिप फिरली आणि मग भर रस्त्यात मारहाण झाली, २०१७ लाच विधिमंडळानं पत्रकारांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केलेल्या राज्यात. तेव्हा ह्याच ग्रुपांवर क्लिप भरपूर फिरली, मजा म्हणून. कायद्याचं कलम लागलं का हे विचारणारा एखाद-दुसराच, आणि त्याला लगेच ऐकवलं गेलं की तू कोणत्या पार्टीचा ते आधी सांग.